वाडवडिलांची इंग्लिश दुनळी: दुरुस्तीला टाकण्याआधी काय तपासायचं आणि काय करून घ्यायचं

महाराष्ट्रात अजून बऱ्याच घरांत १२ बोअरची इंग्लिश दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आहे. कुठे इनामदारांच्या वाड्यात, कुठे फौजेतून किंवा वनखात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांच्या कपाटात. कधी ती वर्षानुवर्षं तेलकट फडक्यात पडून असते, तर कधी मधल्या पिढीत कुणीतरी ती ‘नव्यासारखी’ करून आणलेली असते: नळ्या काळ्याभोर, लाकडावर चकाकतं पॉलिश. दुसऱ्या प्रकारची बंदूक जास्त काळजीपूर्वक पाहावी लागते, कारण पॉलिशखाली काय झाकलंय ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जुन्या इंग्लिश बंदुकीतून जेवढं कमी लोखंड निघेल तेवढी दुरुस्ती चांगली. लाकूड जोडता येतं, स्प्रिंग नवी बसवता येते, पण नळीच्या आतून घासून काढलेला धातू परत येत नाही. म्हणून आधी वाचायचं, मग मोजायचं आणि शेवटी हात लावायचा.

पहिलं काम कागदांचं

मूळ परवानाधारक वारले असतील तर बंदूक ‘आपल्याच घरातली आहे’ म्हणून कपाटात ठेवून चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, आणि वारसाने आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. आयुक्तालय असलेल्या शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच धरली जाते. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे.

परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक अक्षर-अक्षर जुळतोय का ते याच वेळी पाहा. जुन्या परवान्यांत कारकुनाने नळीवरचा आकडा लिहिलाय की ट्रिगर गार्डवरचा, यावरून पुढे घोळ होतात. दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायची. एमआयडीसीतला ओळखीचा टर्नर कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे बंदूक नेणं हा त्याच्यासाठीही गुन्हा आणि तुमच्यासाठीही.

बंदूक रिकामी आहे याची खात्री, मग सुटी करणं

वरची लिव्हर उजवीकडे दाबून बंदूक मोडा, म्हणजे सांध्यात दुमडून उघडा, आणि दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती जागा) नजरेने पाहा. नंतर बोट घालूनही पाहा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या बंदुकीत काडतूस तसंच राहिल्याची उदाहरणं खरी आहेत. अडकलेलं काडतूस दिसलं तर ते ठोकून काढू नका, बंदूक आहे त्या स्थितीत कारागिराला कळवा.

रिकामी असेल तर बंद करा आणि नळीखालचा लाकडी भाग, म्हणजे फोर-एंड, काढा. काहींना त्याच्या टोकाशी दाबायचं बटण असतं (ही अ‍ॅन्सनची १८७२ ची रचना), काहींना मध्यभागी ओढायची पट्टी असते (डीली आणि एज यांची, १८७३ ची). मग बंदूक पुन्हा मोडून नळ्या सांध्याच्या पिनवरून उचलून घ्या. नळ्यांखालचा जो हूक त्या पिनवर अडकतो तो आकडा. आता बंदुकीचे तीन भाग झाले. इथेच थांबायचं. लॉक (बार उडवणारी यंत्रणा) उघडणं, स्क्रू काढणं हे घरचं काम नाही. या बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात आणि बाजारातला पेचकस त्यात बसतच नाही.

नळीखालच्या खुणा वाचा

माझ्या मते अख्ख्या तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. नळ्या उलट्या करा. चेंबरखाली दोन सपाट पृष्ठभाग दिसतील. त्यावर ठोकलेली बारीक चिन्हं म्हणजे त्या बंदुकीची जन्मपत्रिका. भिंग आणि तिरका उजेड घ्या. चिन्हं तेलाने भरली असतील तर मऊ दातब्रशने साफ करा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

इंग्लंडमध्ये प्रत्येक नळीची चाचणी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये व्हायची आणि आजही होते. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या संसदीय कायद्याने उभं राहिलं. लंडनची खूण म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली जी-पी ही अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमची १९०४ पर्यंतची खूण म्हणजे मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड, एका खुणेत त्यांच्या भोवती बी, सी, पी ही अक्षरं आणि दुसरीत व्ही. १९०४ नंतर बर्मिंगहॅममध्ये मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही आणि एन-पी अशी सुटसुटीत अक्षरं आली. त्याच सुमारास लंडनच्या नायट्रो खुणेत चिलखती हात तलवार धरलेला दिसतो, त्याखाली एन-पी. १९५४ नंतर बर्मिंगहॅमच्या खुणेत मुकुटाखाली बी-एन-पी असतं.

यातलं एन-पी किंवा ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ते नसतील तर नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या आहेत. आज दुकानात मिळणारं काडतूस धूरविरहित दारूचं असतं. मग बंदूक कितीही सुंदर असो, ती वाजवण्यासाठी नाही, जपण्यासाठी आहे. उलटही घडतं: राजदंडाच्या जुन्या खुणांशेजारी नवी नायट्रो खूण असेल, तर बंदूक जुनी असून नंतर पुन्हा चाचणीत उतरलेली आहे, आणि ही चांगली गोष्ट.

शेजारी आकडेही असतात. १८८७ पासून चौकोनी हिऱ्याच्या आकारात ‘१२’ आणि ‘सी’ असं कोरलेलं दिसतं, ती चेंबरची खूण. ‘१२’, ‘१३/१’, ‘१२/१’ असे आकडे म्हणजे नळीचा आतला व्यास: १३/१ म्हणजे ०.७१९ इंच, १२ म्हणजे ०.७२९ आणि १२/१ म्हणजे ०.७४०. बोअर या मापाचा हिशेब जुना आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसते ती १२ बोअरची नळी. १९२५ च्या नियमांनंतर चेंबरची लांबी, बहुतेक वेळा २½ इंच, हीसुद्धा ठोकलेली सापडते. १९५४ नंतरच्या खुणांत ‘३ टन्स’ किंवा ‘३¼ टन्स’ असा दाबाचा आकडा असतो. ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलेलं दिसलं तर ती १८७५ ते १८८७ मधली चोक असलेली, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेली, नळी समजा.

लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं दिसली तर नळ्या बेल्जियममधल्या लीजच्या आहेत, मग वर नाव कितीही इंग्रजी वाटो. लीजची बंदूक वाईट असते असं मुळीच नाही, पण इंग्लिश म्हणून इंग्लिश किंमत मागणाऱ्याला ही अक्षरं दाखवायला हवीत.

नाव, पत्ता आणि काळ

नळ्यांच्या मधल्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि बहुधा पत्ता असतो, आणि पत्त्यावरून काळ ठरवता येतो. ‘३१४½ ऑक्सफर्ड स्ट्रीट’ लिहिलेली लंडनच्या पर्डी कंपनीची बंदूक १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची, कारण त्यानंतर पर्डी साउथ ऑडली स्ट्रीटवरच्या ऑडली हाउसमध्ये गेले. ‘हॉलंड अँड हॉलंड’ हे नाव १८७६ पासूनचं, त्याआधीची बंदूक नुसत्या ‘एच. हॉलंड’ नावाची. रचनाही काळ सांगते. लॉक आतल्या पेटीत बसवलेला बॉक्सलॉक म्हणजे वेस्टली रिचर्ड्सच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांची १८७५ ची युक्ती, म्हणजे बंदूक त्या सालानंतरचीच.

आपल्याकडच्या बंदुकांवर बनवणाऱ्याऐवजी विकणाऱ्याचं नाव असणं सर्रास आहे. कलकत्त्याचे मँटन अँड कंपनी, रॉडा अँड कंपनी, आणि मुंबईचं आर्मी अँड नेव्ही स्टोअर. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. आर्मी अँड नेव्हीच्या बंदुका त्यांच्यासाठी बर्मिंगहॅमचे कारखाने करून द्यायचे. नाव दुकानाचं असलं तरी प्रूफच्या खुणा खरं सांगतात. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या वह्या अजून जपलेल्या आहेत आणि क्रमांक कळवला तर पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स त्यांतून बंदुकीची मूळ नोंद काढून देतात. नळ्या, अ‍ॅक्शन (नळ्या ज्यावर बसतात तो लॉकचा पोलादी भाग) आणि फोर-एंड या तिन्हींवर एकच क्रमांक हवा. पट्टीवर किंवा लिव्हरवर सोन्याचा ‘१’ वा ‘२’ दिसला तर ती जोडीतली एक आहे, दुसरी कुठे गेली ते घरच्यांना जरूर विचारा.

मोजमाप: इथे पैसे वाचवू नका

तीन मापं हवीत. चेंबरची लांबी, ब्रीचपासून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकापासून, ९ इंचांवर नळीचा आतला व्यास, आणि नळीच्या भिंतीची जाडी. तिन्ही खास गेजने मोजायची असतात. ज्याच्याकडे भिंतीची जाडी मोजायचं गेज नाही त्या कारागिराला नळ्यांवर काम करायला देऊ नका.

कारण साधं आहे. नळीत गंजाचे खड्डे पडले की ती आतून घासून गुळगुळीत करतात. दिसायला आरसा होतो, पण व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते. खुणेत नोंदलेल्या मापापेक्षा व्यास साधारण १० थाऊंनी, म्हणजे ०.०१० इंचाने, वाढला की बंदूक प्रूफच्या बाहेर गेली. अशी बंदूक विकणं इंग्लंडमध्ये १८६८ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. भिंतीची जाडी कायद्याने ठरलेली नाही, पण तिथल्या धंद्यात सगळ्यात पातळ जागी २० थाऊ ही धोक्याची रेषा मानतात. खड्डे आहेत पण भिंत जाड आहे, अशी नळी मी आरशासारख्या पातळ नळीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

चेंबर २½ इंचाचं असताना मोजल्यावर २¾ निघालं तर मध्येच कुणीतरी ते वाढवलंय. त्यानंतर पुन्हा प्रूफ झाल्याची खूण शोधा. नसेल तर वाजवायची नाही.

नळीच्या मुळापासून तीनेक इंचांवर गोल फिरणारी बारीक रेघ दिसते का तेही पाहा. दिसली तर जुन्या नळ्या कापून त्यात नव्या बसवल्या आहेत. हे काम नीट केलेलं असेल तर ‘स्लीव्ह्ड’ असा शब्द ठोकलेला असतो आणि बंदूक वापराला उत्तम असते. मात्र जुन्या मूळ नळ्यांची किंमत तिला येत नाही.

कानाने आणि उजेडात

सुट्या नळ्या आकड्यातून दोरी घालून टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोका. देवळातल्या छोट्या घंटेसारखा लांब नाद आला की पट्ट्या घट्ट. भसाडा किंवा फुटका आवाज आला की दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलीये, आत पाणी शिरून गंज चालू असेल.

मग खिडकीकडे तोंड करून नळीतून पाहा. उजेडाची गोल कडी पडतात. नळी हळू फिरवताना एखादं कडं एका बाजूने दबलं की तिथे पोचा आहे, आणि बाहेरच्या बाजूने फुगलं की तिथे नळी फुगली आहे. पोचा कारागीर आतून दाबून उचलू शकतो. फुगवटा मात्र गंभीर, तो कधीकाळी नळीत काही अडकून बार झाल्याचं लक्षण.

सांधा सैल आहे का

फोर-एंड न लावता नळ्या अ‍ॅक्शनवर बसवून बंद करा. फोर-एंडची स्प्रिंग सैलपणा झाकते, म्हणून तो काढायचा. आता मुठीत धरून हलवा. खडखड आली, किंवा नळी आणि मागच्या सपाट भिंतीच्या मधून उजेडाची फट दिसली, तर सांधा झिजला आहे. योग्य दुरुस्तीत आकड्यावर किंवा पिनवर धातू भरून पुन्हा बसवतात. आकडा हातोडीने ठोकून पसरवणं ही चालढकल झाली. थोड्याच बारांनी तो पुन्हा सैल होतो, आणि ठोकल्याच्या खुणा कायम राहतात. आकड्याच्या कडेला हातोडीचे चपटे ठसे दिसले तर आधीचा कारागीर कसा होता ते कळलं.

काळा रंग: इथेच सगळ्यात जास्त बंदुका बिघडतात

दुनळीच्या नळ्या आणि पट्ट्या शिसं-कथलाच्या नरम डाकाने जोडलेल्या असतात. आजकाल रायफलींना करतात तसं उकळत्या क्षारांच्या टाकीतलं काळवण या नळ्यांना केलं, तर तो क्षार डाक खातो आणि पट्टीच्या आत शिरून बसतो. वरून नळ्या झकास काळ्या दिसतात, वर्षा-दोन वर्षांत पट्ट्या सुटतात. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारा: काळवण कसं करता?

बरोबर उत्तर आहे ‘गंजाचं काळवण’. नळीवर सौम्य आम्लाचं द्रावण लावून हलका गंज चढू द्यायचा, नळी उकळत्या पाण्यात बुडवायची, बारीक तारेच्या ब्रशने घासायची, आणि हे सगळं पुन्हापुन्हा करायचं. वेळ लागतो, पण रंग मखमलीसारखा खोल येतो. डमास्कस नळ्यांवर, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळ्यांवर, याच पद्धतीने तपकिरी नक्षी उमटते. काळवणाआधी पॉलिश करताना नळीवरची अक्षरं आणि प्रूफच्या खुणा पुसट होणार नाहीत, हे लेखी घ्या. अ‍ॅक्शनवरचे निळे-तांबूस ठिगळासारखे रंग हाडाच्या कोळशात तापवून आणलेले असतात. ते उडाले असतील तर उडालेले राहू द्या. पुन्हा तापवल्याने अ‍ॅक्शन वाकू शकते, आणि जुन्या राखाडी पोलादावर कोरीवकाम उलट छान दिसतं.

स्क्रूंकडे पाहा. चांगल्या इंग्लिश बंदुकीत ते घट्ट बसल्यावर त्यांच्या खाचा नळीच्या दिशेने सरळ येतात. खाचा तिरक्या, कडा कुरतडलेल्या असतील तर आतलं काम कुणी केलं असेल याची कल्पना येते.

लाकूड

दस्ता अक्रोडाचा असतो. लॉकमागचा भाग काळाकुट्ट आणि मऊ झाला असेल तर त्यात अनेक वर्षांचं तेल मुरलं आहे. कारागीर ते खडूच्या भुकटीचा लेप आणि अ‍ॅसिटोन वापरून ओढून काढतो. चीर असेल तर ती बहुतेक याच जागी, वरच्या पट्टीच्या मागे असते. जुनं काम म्हणजे जवसाच्या तेलाचे अनेक पातळ हात आणि त्यात अल्कानेट मुळाचा लालसर रंग. पॉलीयुरेथेनचा चकचकीत थर दिसला तर तो उतरवून घ्या. पॉलिश पेपरने मात्र इतकं घासू नका की लाकूड धातूच्या पातळीखाली जाईल. मूळ लाकूड धातूपेक्षा किंचित वर असतं आणि हीच ओळख सगळ्यात आधी जाते.

काडतूस

पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची १२ बोअरची काडतुसं सगळ्यांच्या परिचयाची. खोक्यावरची लांबी वाचा: ६५ मिमी म्हणजे २½ इंच, ७० मिमी म्हणजे २¾. २½ इंचाच्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस आत जातं, बंदूक बंदही होते, आणि तिथेच फसगत होते. बार झाल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. लोखंडी छर्रे जुन्या नळीत कधीच नकोत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आता शिकार बंदच आहे. बंदूक वाजवायचीच असेल तर मान्यताप्राप्त रेंजवर, मातीच्या चकत्यांवर.

पावसाळा आणि खंडेनवमी

कोकण आणि मुंबईच्या हवेत चामड्याची पेटी ही बंदुकीची शत्रू. चामडं ओल धरून ठेवतं. पेटी दाखवायला ठेवा, बंदूक मात्र बंद कपाटात सिलिका जेलसोबत. तेल हलकं, खनिज. खोबरेल किंवा गोडंतेल लावलं तर ते चिकट होऊन लॉकमध्ये घट्ट बसतं. तेल लावल्यावर पहिला दिवस नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्यात उतरणार नाही. बंदूक महिनोन्महिने ठेवायची असेल तर स्नॅप कॅप (दारू नसलेलं नकली काडतूस) घालून चाप सोडा, स्प्रिंग ताणलेली राहत नाही. रिकाम्या चेंबरवर चाप दाबू नका.

खंडेनवमीला शस्त्रं पूजेला मांडताना ओलं गंध आणि हळदकुंकू लॉकच्या कोरीवकामात लावतात. नक्षीच्या त्या बारीक रेघांत ओल बसते आणि दिवाळीपर्यंत तांबडे ठिपके उमटतात. कुंकू दस्त्याच्या बुडाशी लावा, फूल शेजारी कापडावर ठेवा, आणि त्याच संध्याकाळी बंदूक कोरड्या सुती कापडाने पुसून तेलाचा पातळ हात देऊन कपाटात ठेवा.